सवतीची साक्ष

१

शनिवारी साडेआठला, जेवणं उरकून सगळे टीव्हीसमोर बसले, तेव्हा यादीत छकुलीचं रेकॉर्डिंग नव्हतं.

घड्याळजीनं रिमोटनं यादी वर नेली, खाली आणली, परत वर नेली. सासूबाईंची, म्हणजे घड्याळजीच्या आईची, मालिका होती. हवामानाच्या बातम्या होत्या. कुणीच कधी न बघितलेला हत्तींवरचा माहितीपटही होता. 'शनिवारची मैफल, चार ते पाच' ही एकच ओळ कुठे दिसेना.

"दादा, गंमत पुरे," छकुली म्हणाली.

छकुली म्हणजे घड्याळजीची धाकटी बहीण. वय एकोणतीस, पण घरात अजून छकुलीच. व्हायोलिन शिकवायची, आणि शिकवण्यापेक्षा वाजवायची जास्त छान. त्या दुपारी चॅनलच्या स्टुडिओतून मैफल थेट दाखवली होती आणि पहिला मान तिचा होता. चार वाजून दोन मिनिटांनी तिनं गज उचलला आणि सव्वाचारच्या आत खाली ठेवला. घरातली माणसं स्टुडिओतच टाळ्या वाजवत बसलेली, त्यामुळे टीव्हीवर कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या शहरातल्या संगीतशाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती आणि त्यांना लोकांसमोरचं वादन बुधवारपर्यंत हवं होतं. स्टुडिओतल्या बाईंनी आपणहून विचारलं होतं, "रिकामी डिस्क देऊन ठेवता का? कार्यक्रम झाला की आम्ही पुसून टाकतो, मागून मागाल तर मिळायची नाही." त्यावर घड्याळजी हसून म्हणाला होता, "आमच्या घरी आमची रेकॉर्डिंगची पेटी आहे."

ती पेटी आता मिचमिच दिवा लावून गप्प बसली होती.

"पेटी सगळं लिहून ठेवते," अँटेनावाला म्हणाला. हा घड्याळजीचा जुना मित्र. छपराछपरांवर अँटेना बसवत फिरायचा. दुपारी एका शाळेच्या छपरावर काम होतं म्हणून मैफल चुकली, असं सांगून आता मुद्दाम आला होता. "कधी रेकॉर्ड झालं, कधी पुसलं, सगळं. नोंदी उघड की."

"राहू दे रे," घड्याळजी म्हणाला. "काहीतरी बिघडलं असेल."

पण अँटेनावाल्यानं तोवर रिमोट घेतलाही होता. पडद्यावर ओळी उमटल्या. त्यानं त्यातली हवी ती मोठ्यानं वाचली. "मैफल. सुरू तीन पंचावन्न, संपलं पाच पाच. म्हणजे झालं होतं रेकॉर्डिंग! आणि हे बघ. पुसलं, सहा अठ्ठावन्न, रिमोटवरून."

सहा अठ्ठावन्न. घड्याळजीचं दुकान सातला बंद होतं आणि तो सात दहाला घरी येतो. त्याला पाहून गल्लीतले लोक आपली घड्याळं लावतात. छकुली क्लासला गेली होती, सासूबाई बागेत फेऱ्या मारत होत्या. सगळ्यांच्या हिशेबानं सहा अठ्ठावन्नला घरात एकच माणूस होतं.

सगळ्यांचे डोळे हळूहळू वळले, ते वहिनीवर येऊन थांबले.

२

वहिनी म्हणजे घड्याळजीची बायको. नणंद वहिनी म्हणायची म्हणून सगळी गल्लीच तिला वहिनी म्हणू लागली. आणि पेटीला सवत म्हणायची ती हीच.

म्हणायला कारणही तसंच होतं. आठ महिन्यांपूर्वी घड्याळजीनं जुन्या कॉम्प्युटरचा डबा आणला, त्यात टीव्हीचे सिग्नल पकडणारी दोन कार्डं बसवली, एक भलीमोठी हार्ड डिस्क घातली, मागून छतावरच्या अँटेनाची वायर आणली, आणि त्या दिवसापासून नवरा हातचा गेला. ठरवून दिलेल्या वेळी ती आपोआप रेकॉर्डिंग सुरू करायची, पाच मिनिटं आधी आणि पाच मिनिटं नंतरची राखून. "दोन चॅनल एकदम!" हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. घड्याळांची धूळ झाडायच्या मऊ ब्रशानं तिची जाळी साफ करायचा. "आज तापलीय जरा," म्हणायचा. वहिनीला एकदा खरोखर ताप होता, तेव्हा 'गोळी घे' एवढ्यावर भागलं होतं. लग्नाच्या वाढदिवसाला नवे कपडे घालून ती पुढ्यात उभी राहिली, तर म्हणाला, "जरा बाजूला हो, रिमोट लागत नाहीये."

तिच्या पोटात दुखायचं, आणि ती ते लपवायचीही नाही. त्या पेटीच्या पंख्याची गुणगुण तिला झोपेतसुद्धा ओळखू यायची. "एक दिवस या सवतीचा निकाल लावते की नाही बघा," हे ती दहा जणांसमोर म्हणाली होती. आता त्या दहांतले पाच जण समोर बसले होते.

"वहिनी," छकुलीचा आवाज चिरकला, "माझा राग तरी काय होता तुम्हाला?"

"अगं, मी हात नाही लावला!"

"पेटीवर राग होता, ठीक आहे. पण त्यात माझं आयुष्य होतं हो."

थोरली जाऊ वरच्या मजल्यावर राहायची. ती नखं बघत म्हणाली, "रागाच्या भरात होतं माणसाकडून." सासूबाईंनी फक्त सुस्कारा सोडला. आणि घड्याळजी? तो उठला, बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजूतदारपणे म्हणाला, "जाऊ दे. झालं ते झालं. तिला कुणी काही बोलू नका."

हे मात्र वहिनीच्या जिव्हारी लागलं. शिव्या परवडल्या असत्या. न केलेल्या गुन्ह्याची माफी फार कडू लागते. छकुलीला तिनं स्वतःच्या हातांनी वेण्या घालून शाळेत पाठवलं होतं. ती मुलगी त्या संध्याकाळी तिच्या हातचं पाणीसुद्धा न घेता खोलीत निघून गेली.

वहिनीनं ठरवलं, बुधवारच्या आत खरा चोर शोधायचा. नाहीतर छकुली या घरातून जाईल ती मनात अढी घेऊनच.

वहिनी सकाळी एका लाँड्रीच्या काउंटरवर बसायची. तिथला पहिला नियम होता, कपडा आला की आधी खिसे तपासायचे. माणूस तोंडानं काहीही सांगेल, खिसा खोटं बोलत नाही. रविवारी घरचे कपडे भिजवतानाही तिचे हात आपोआप खिशांत गेले. नवऱ्याच्या शनिवारच्या शर्टात एक चपटा गोल सेल निघाला, नाण्याएवढा. असले सेल तिला नवे नव्हते. घड्याळजीच्या खिशात कधी काटे निघत, कधी काचा, कधी सेल. तिनं तो फडताळावर ठेवला आणि विसरून गेली. शर्ट पिळून दोरीवर टाकताना मात्र तिला वाटलं, मनगटी घड्याळात एवढा मोठा सेल मावतो तरी का?

सासूबाई सकाळच्या चहाबरोबर आदल्या दिवशीची मालिका बघायच्या. संध्याकाळी साडेसातला ती लागायची तेव्हा त्या बागेतून यायच्या असत, म्हणून रेकॉर्डिंग.

"आई, तुम्ही कधी चुकून पुसण्याचं बटण दाबता का?"

"मी? मला चालू-बंद सोडून एक बटण कळत नाही. आणि आल्ये मी पावणेआठला." सासूबाईंनी बशी खाली ठेवली. "पण पेटीचं काहीतरी बिनसलं होतं हो. बुधवारपासून माझी मालिका अर्ध्यातूनच सुरू व्हायची. सासू सुनेला काय बोलली ते कधी कळायचंच नाही, नुसती सून रडताना दिसायची. आणि मागाहून पुढच्या कार्यक्रमाची लांबण!"

"ह्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. म्हणाला, चॅनलवाल्यांचा घोळ, माझ्या घरात वेळ चुकत नाही."

"बुधवारपासूनच, हे कसं लक्षात?"

"मीटर बदलायला माणसं आली नव्हती का दुपारी? पंखा वीस मिनिटं बंद, माझी झोप गेली. त्याच दिवसापासून. बुध, गुरू, शुक्र, तीन भाग फुकट. शनिवारचा मात्र बघ बरोबर झालाय. शीर्षकगीत तेवढं गेलं, बाकी पहिल्या वाक्यापासून."

वहिनीनं मान डोलावली. ते ऐकलं तिनं, पण तिचं सगळं लक्ष वरच्या मजल्याकडे होतं. शनिवारी पावणेसातला थोरली जाऊ खाली आली होती. वहिनी स्वयंपाकघरात भांडी घासत होती आणि जाऊ तब्बल पंधरा मिनिटं बाहेरच्या खोलीत एकटीच बसली होती. रिमोट तिथंच होता.

३

जाऊबाईंच्या मुलीनंही मैफलीसाठी चाचणी दिली होती. तिला घेतलं नाही, छकुलीला घेतलं. त्या दिवसापासून छकुलीचं नाव निघालं की जाऊबाईंचं डोकं दुखायचं. शनिवारीही त्या डोकेदुखीमुळेच स्टुडिओत आल्या नव्हत्या.

सोमवारी दुपारी वहिनी वर गेली. जाऊबाई उशांना अभ्रे घालत होत्या. वहिनीनं दुसरी बाजू धरली.

"ताई, शनिवारी तुम्ही बसला होतात ना खाली? माझी एक बांगडी सापडत नाहीये. टीव्हीपाशी दिसली का?"

"मी टीव्हीपाशी गेलेच नाही."

"मग रिमोट टेबलावरून सोफ्यावर कसा आला?" ही वहिनीची शुद्ध थाप होती. रिमोट कुठे होता ते तिला आठवतही नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं. जाऊबाईंनी अभ्रा खाली टाकला. "पुसलं नाही मी! शपथ घेते हवी तर. नुसतं लावून पाहिलं, आवाज बंद करून."

"कशाला?"

जाऊबाई खाली पडलेला अभ्रा उचलू लागल्या. मग एकदम बोलल्या, आणि जे बोलल्या ते खरं असल्याचं त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. "चुकली का ते बघायला. कुठे सूर हलला, कुठे हात कापला, तेवढं एक बघायला मिळावं म्हणून. माझ्या पोरीनं तीन दिवस जेवण टाकलं होतं. जळते मी तिच्यावर. म्हण काय म्हणायचं ते."

वहिनीनं अभ्र्याची दुसरी बाजू परत धरली. जळणं म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"आणि? चुकली का?"

"अगं, ती होतीच कुठे त्यात! सुरुवातीपासून लावलं, तर पडद्यावर एक टकल्या बासरीवाला. मग दोन बायका गाणाऱ्या. पुढं पळवून पाहिलं, शेवटी तर भलत्याच कार्यक्रमाच्या जाहिराती लागल्या. छकुली नाहीच. मला वाटलं, ऐन वेळी काढून टाकलं तिला, आणि तुम्ही सगळे लाजेनं सांगत नाही." जाऊबाई ओशाळून हसल्या. "खोटं कशाला बोलू, त्या दिवशी डोकं दुखायचं एकदम थांबलं माझं."

वहिनीच्या हातातली उशी हातातच राहिली. बासरीवाला दुसरा होता. छकुली पहिली वाजवून खाली आली, टाळ्या झाल्या, निवेदक बोलला, आणि मग बासरीवाला आला. हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणजे जे कुणी पुसलं, त्यात छकुली मुळात नव्हतीच!

४

"या नोंदी मला नीट वाचून दाखवा," तिनं अँटेनावाल्याला बोलावून सांगितलं. घड्याळजी दुकानात होता. शनिवारी हा माणूसही पावणेसातला गच्चीची किल्ली घेऊन वर गेला होता, अँटेनाचा स्क्रू आवळायला, आणि सात वाजून गेल्यावर दाराआडच्या खिळ्याला किल्ली अडकवून गेला होता. त्यामुळे त्याच्यावर तिची नजर होतीच. शिवाय त्याचा जळफळाट तिला ठाऊक होता. पेटी उघडी असली की घड्याळजी त्याला जवळ येऊ द्यायचा नाही. "तू छपरावर बरा," म्हणायचा.

"पुसलं, सहा अठ्ठावन्न," अँटेनावाला वाचू लागला. "त्याखाली, पेटी बंद, सात तीन. मग पेटी सुरू, सात बत्तीस. मग मालिका, सात बत्तीसपासून."

"थांबा. सात तीनला बंद?"

"असं लिहिलंय."

वहिनी सोफ्यावर बसली. शनिवारी लाँड्रीची किल्ली चुकून तिच्या पर्समध्ये आली होती. मालकांचा फोन आला, ती निघाली. नवरा तेव्हा नुकताच आत आला होता, म्हणजे सात दहा झाले होते. दारात चपला घालताना तिला पेटीची गुणगुण ऐकू आली होती आणि ती नेहमीप्रमाणे मनात म्हणाली होती, 'बस, बस घेऊन माझ्या नवऱ्याला.' सवतीचा आवाज ओळखायला बाई चुकत नाही. सात तीनला बंद झालेली पेटी सात दहाला गुणगुणत कशी होती?

"भाऊजी, पेटीचं घड्याळ मागं पडू शकतं?"

"हिचं? घड्याळजीच्या पेटीचं?" अँटेनावाला हसला, मग हसता हसता थांबला. "तसं पडू शकतं म्हणा. वीज असते तोवर ठीक. वीज गेली की आतलं घड्याळ एका सेलवर चालतं. तो सेल मेलेला असला, तर वीज येईपर्यंत घड्याळ जागच्या जागी उभं. आणि हिच्यावर वेळेचा आकडाही नाही. मी म्हणालो होतो लाव म्हणून. तर म्हणे, घड्याळजीच्या घरात आणखी एक घड्याळ कशाला?"

"सेल केवढा असतो?"

"नाण्याएवढा."

वहिनी उठली, फडताळावरचा सेल आणून तिनं त्याच्यासमोर धरला. अँटेनावाल्यानं तो उलटसुलट पाहिला. "हाच. कुठे मिळाला?"

तिच्या डोक्यात आता एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती. बुधवारी वीज वीस मिनिटं गेली. पेटी वीस मिनिटं मागं पडली. म्हणून मालिका अर्ध्यातून. म्हणूनच मैफलीचं रेकॉर्डिंग तीन पंचावन्नऐवजी सव्वाचारला सुरू झालं, छकुली उठून गेल्यावर. आणि पेटीनं लिहिलेले सहा अठ्ठावन्न म्हणजे खरे सात अठरा. तेव्हा जाऊबाई वर गेलेल्या. अँटेनावाला गेलेला. वहिनी स्वतः रस्त्यावर. घरात होतं एकच माणूस. त्यानं सात अठराला पुसलं, सात तेवीसला पेटी बंद केली, सेल बदलला, घड्याळ लावलं आणि सात बत्तीसला परत सुरू केली. मालिकेचं फक्त शीर्षकगीत तेवढं गेलं.

तिला रडू आलं नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," अँटेनावाला चुळबुळत म्हणाला. "छकुलीला काय, कुठेही घेतील. काय ती हिंमत! दुसऱ्याच मिनिटाला तार उतरली, तर वाजवता वाजवता खुंटी पिळली पोरीनं, आणि चेहऱ्यावर रेघ नाही!"

वहिनीनं मान वर केली.

"भाऊजी, तुम्ही तर शाळेच्या छपरावर होतात ना?"

५

घड्याळजीला तिनं एक संधी दिली. सोमवारी संध्याकाळी तो सात दहाला आला, तेव्हा चहाचा कप पुढ्यात ठेवला आणि बशीत तो सेल. त्यानं सेलकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, सेल उचलून खिशात घातला आणि चहा न पिता उठला. मंगळवारी सकाळी दुकानात जातानाही तो मूग गिळूनच गेला.

मग मंगळवारी साडेआठला तिनं सगळ्यांना परत तिथंच बसवलं. अँटेनावाला चादरीत काहीतरी गुंडाळून घेऊन आला होता. ते त्यानं पायांशी ठेवलं होतं.

वहिनीनं सगळं सांगितलं, मालिकेपासून गुणगुणीपर्यंत. बासरीवाल्यापाशी आली तेव्हा ती क्षणभर थांबली, आणि जाऊबाईंनी आपणहून, मान खाली घालून, आपलं सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते!" त्या काहीच म्हणत नव्हत्या, पण असो.

"म्हणजे सात अठरा," छकुली सावकाश म्हणाली. ती बोटांवर मोजत होती आणि मोजता मोजता तिचा चेहरा उतरत गेला. "सात अठराला घरात…"

"आता बोला," वहिनी नवऱ्याला म्हणाली. "खिशात आहे, तो काढा बाहेर."

घड्याळजीनं खिशातून सेल काढला आणि टेबलावर ठेवला.

"आधी एकट्यानं बघावं म्हटलं," तो म्हणाला. "कौतुकानं. तर बासरीवाला. लक्षात आलंच लगेच. सेल मीच विकतो. रोज दहा लोकांना सांगतो, बदला वेळेवर. आणि आपल्याच पेटीत…" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "स्टुडिओतली बाई प्रत देत होती. मीच नको म्हणालो. छकुलीला कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं पुसून टाकावं, काहीतरी बिघडलं म्हणावं. नोंदींचं भानच राहिलं नाही."

"ते समजलं," वहिनी म्हणाली. "माणूस लाजेनं एखादी गोष्ट पुसतो. पण माझ्यावर आळ आला तेव्हा?"

त्यानं टेबलावरचा सेल बोटानं जरा सरकवला.

"तेव्हा काय झालं होतं जिभेला?"

"सगळ्यांना पटलं ना," तो जवळजवळ पुटपुटला. "तू म्हणायचीसच तसं. मला वाटलं, तुझ्यावर दोन दिवस राग धरतील, मग विसरतील. पण घड्याळजीच्या घरातलं घड्याळ चुकलं, हे लोक जन्मभर विसरणार नाहीत."

"आणि वर मला माफ केलंत. चारचौघांत."

छकुली उठली, वहिनीच्या पायाशी बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहानपणासारखी रडली. "वहिनी, मी पाणीसुद्धा घेतलं नाही हो तुमच्या हातचं."

"मग आता घे," वहिनी म्हणाली. "आणि डोळे पूस. भाऊजी, सोडा ती चादर."

अँटेनावाल्यानं चादर सोडली. आत एक पेटी होती. तोच तसला डबा, फक्त याला पुढे वेळेचा भलामोठा निळा आकडा होता.

"चोरून शिकलो," तो घड्याळजीकडे न बघता म्हणाला. "तू पेटी उघडलीस की पाणी प्यायच्या निमित्तानं आत यायचो. याच्यात तीन चॅनल होतात एकदम." एवढं म्हणताना त्याची छाती नकळत फुगली, मग लगेच खाली बसली. "शनिवारी तुझी पेटी फसली, तेव्हा मला आनंद झाला. घरी जाऊन दोन कप चहा प्यायलो. म्हटलं, थोडी जिरू दे याची, माझ्याकडचं रेकॉर्डिंग मंगळवारी नेऊन देऊ. छकुली, वहिनी, मला तुमच्यासमोर उभं राहायला लाज वाटते."

"वाटू दे," वहिनी म्हणाली. "आधी लावा."

पडद्यावर चार वाजून दोन मिनिटांनी छकुलीनं गज उचलला. दुसऱ्या मिनिटाला तार उतरली, तिनं वाजवता वाजवता खुंटी पिळली, आणि जाऊबाईंच्या तोंडून "वा!" निघून गेलं. निघाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण पुढच्या खेपेला ठेवला नाही. घड्याळजी मागं भिंतीला टेकून उभा होता. बसायला त्याला कुणी सांगितलं नाही.

लगेच प्रत काढून संगीतशाळेला पाठवून झाली. माणसं पांगली तेव्हा घड्याळजीनं आपल्या पेटीची वायर काढली आणि तिला दोन्ही हातांनी उचललं.

"कुठे नेताय?"

"माळ्यावर. नको ती डोळ्यांसमोर. तिच्यापायी झालं सगळं."

"ठेवा खाली," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यानं पेटी मुकाट्यानं खाली ठेवली. "तिच्यापायी काही झालेलं नाही. वेळ चुकली तिची, पण घडलं ते तिनं घडलं तसं लिहून ठेवलं, कुणाची लाज न बाळगता. शनिवारी या घरात पाच माणसं बसली होती. माझ्या बाजूनं बोलली ती एकटी सवत."

तो दारात उभा राहिला. तिनं वायर परत लावली. पंखा गुणगुणायला लागला. मग खिडकीतला मऊ ब्रश घेऊन, आठ महिन्यांत पहिल्यांदाच, तिनं पेटीच्या जाळीवरची धूळ झाडली.